लेफ्टनंट जनरल प्रेमिंद्रसिंग भगत : सैन्याच्या पुढे चालणारा इंजिनिअर



बारावीचे निकाल लागले की घराघरात एकच चर्चा. पोरगं गणितात बरं असेल तर इंजिनिअरिंग, मग कॅम्पस, मग हिंजवडी नाहीतर बंगळूर. आणि एखादा मुलगा म्हणाला की मला लष्करात जायचंय, तर आई-बाबांचा चेहरा उतरतो. एवढा हुशार मुलगा, त्याची इंजिनिअरिंगची सीट वाया जाणार असं त्यांना वाटतं. इंजिनिअर आणि लष्करी अधिकारी हे दोन वेगळे रस्ते आहेत असं आपण धरूनच चालतो. प्रत्यक्षात भारतीय सैन्यात इंजिनिअर अधिकाऱ्यांची परंपरा दोनशे वर्षांहून जुनी आहे आणि तिचं एक मोठं घर आपल्या पुण्यात, खडकीला आहे. आज त्या घरातल्या एका माणसाची गोष्ट बघू. वर्गात सांगण्यासारखी तर आहेच, पण पालकसभेत सांगावी अशी जास्त आहे.

प्रेमिंद्रसिंग भगत यांचा जन्म १४ ऑक्टोबर १९१८ रोजी गोरखपूर येथे झाला. वडील संयुक्त प्रांताच्या (म्हणजे आजच्या उत्तर प्रदेशच्या) सरकारी सेवेत एक्झिक्युटिव्ह इंजिनिअर होते. प्रेमिंद्र लहान असतानाच आई वारली. १९३० साली त्यांना देहरादूनच्या लष्करी शाळेत घातले. तिथून १९३७ मध्ये ते तिथल्याच इंडियन मिलिटरी अकादमीत दाखल झाले. अकादमीत शिकत असतानाच वडीलही गेले.

अभ्यासात हा मुलगा कसा होता? अगदी साधारण. टेनिस आणि स्क्वॉशच्या संघाचा मात्र कप्तान. आपल्या प्रत्येक वर्गात असा एक तरी असतो, ज्याची वही अर्धी कोरी आणि मैदानावर मात्र सगळे त्याच्या मागे. आपण त्याच्या प्रगतिपुस्तकावर काय शेरा लिहितो ते आपल्याला माहीतच आहे.

१५ जुलै १९३९ रोजी भगत सेकंड लेफ्टनंट झाले. त्यांना मिळालेली पलटण होती रॉयल बॉम्बे सॅपर्स अँड मायनर्स, मुक्काम खडकी.

आता हे सॅपर म्हणजे काय ते मुलांना सांगावं लागतं. जुन्या काळी किल्ल्याला वेढा पडला की तटापर्यंत पोचायला सैनिक नागमोडी खंदक खणत जायचे. त्या खंदकाला इंग्रजीत सॅप म्हणतात, म्हणून खणणारा तो सॅपर. आणि तटाखाली सुरुंग लावणारा तो मायनर. आपल्या मुलांना चाकणच्या वेढ्यावरून हे लगेच कळतं. १६६० साली शायिस्ताखानाने भुईकोट चाकणच्या बुरुजाखाली भुयार खणून सुरुंग उडवला होता, फिरंगोजी नरसाळ्यांनी किल्ला इतके दिवस झुंजवल्यावर. ते भुयार खणणारे, दारूचा अंदाज घेणारे, बत्ती देणारे जे कोणी होते, ते त्या काळचे सैनिकी इंजिनिअरच. काळ बदलला तसं काम वाढलं. नदीवर तात्पुरता पूल टाकणे, रस्ता काढणे, विमानाची धावपट्टी बनवणे, पिण्याचे पाणी शोधणे, शत्रूने पेरलेले सुरुंग काढणे, माघार घेताना आपलाच पूल उडवणे. यातलं कुठलंही काम पायदळाच्या मागे राहून होत नाही. रस्ता मोकळा करणारा रस्त्यावरून जाणाऱ्याच्या आधीच जातो.

भगत रुजू झाले आणि दीड-दोन महिन्यांत दुसरे महायुद्ध सुरू झाले. १९४० च्या सप्टेंबरमध्ये त्यांची २१ फील्ड कंपनी समुद्रापार पूर्व आफ्रिकेत गेली. तिथे इटलीने १९३६ मध्ये अबिसिनिया म्हणजे आजचा इथिओपिया गिळंकृत केला होता. शेजारच्या सुदानमध्ये ब्रिटिश सत्ता होती. सुदानच्या हद्दीवर गलाबात आणि पलीकडे इथिओपियाच्या बाजूला मेतेम्मा अशी दोन ठाणी समोरासमोर. भगत यांच्या ब्रिगेडचे प्रमुख होते विल्यम स्लिम, जे पुढे ब्रह्मदेशच्या लढाईमुळे जगभर माहीत झाले.

नोव्हेंबरमध्ये गलाबात घेतले, पण तिथे टिकता आले नाही. मागे हटताना शत्रूची वाट अडवण्याचे काम सॅपर्सकडे आले. बंद पडलेले दोन रणगाडे स्फोटकांनी भरून एका मोरीपाशी ठेवले होते. एक उडाला, दुसरा उडालाच नाही. शत्रू जवळ येत होता. अशा वेळी न उडालेल्या स्फोटकांच्या जवळ जाणे किती धोक्याचे, हे दिवाळीत न फुटलेला सुतळी बॉम्ब बघायला गेलेल्या पोरालाही कळते. भगत आडोसा सोडून धावत गेले, बत्ती पुन्हा जोडली आणि मोरी उडवली. या कामासाठी त्यांची मिलिटरी क्रॉससाठी शिफारस झाली होती. ते पदक काही मिळाले नाही, नुसता खलित्यात नामोल्लेख झाला.

खरी परीक्षा पुढे होती.

३१ जानेवारी ते १ फेब्रुवारी १९४१ च्या रात्री मेतेम्मा पडले. इटालियन सैन्य गोंदरच्या दिशेने मागे सरकू लागले आणि जाता जाता रस्त्यात, रस्त्याच्या कडेला भूसुरुंग पेरत गेले. त्यांचा पाठलाग करायचा तर वेगाने जायला हवे. पण वेगाने गेले तर गाड्या सुरुंगावर जाणार. ही कोंडी फोडायची जबाबदारी सॅपर्सच्या एका तुकडीवर आली आणि तिचे प्रमुख होते २२ वर्षांचे सेकंड लेफ्टनंट भगत.

सगळ्यात पुढे ब्रेन कॅरियर नावाच्या गाड्या होत्या. साखळीपट्ट्यावर चालणारी, वरून उघडी, पातळ चिलखताची छोटी गाडी. पहिल्या गाडीत भगत स्वतः बसले. इथे मुलं हमखास विचारतात, सर, अधिकारी मागे का नाही बसला? कारण सोपं आहे. सुरुंग शोधायची जी नजर लागते ती त्या ताफ्यात त्यांच्याकडे होती. आजच्यासारखं कानाला लावून जमिनीवर फिरवायचं यंत्र तेव्हा त्यांच्या हाताशी नव्हतं. मातीचा रंग कुठे बदललाय, भुसभुशीत कुठे वाटते, गवत कुठे उपटल्यासारखं दिसतं, हे डोळ्यांनी हेरायचं. मग जमिनीवर आडवं होऊन हलक्या हाताने टोचत टोचत जायचं, सुरुंग सापडला की भोवतीची माती काढायची आणि तो निकामी करायचा. हे एकदा करून झालं की गाडीत बसायचं आणि पुढच्या पट्ट्याकडे.

चार दिवस हे चालले. ५५ मैल, म्हणजे सुमारे ८८ किलोमीटर. पुण्याहून निघालात तर घाट उतरून खोपोलीच्या आसपास पोचाल एवढे अंतर. या अंतरात भगत यांनी सुरुंगांचे १५ पट्टे शोधले आणि उभे राहून साफ करून घेतले. चौथी-पाचवीच्या मुलांना यावर गणितं घालता येतात. दिवसाला सरासरी किती किलोमीटर? दिवसाला किती पट्टे? २२ किलोमीटर आणि जवळजवळ ४ पट्टे हे उत्तर फळ्यावर आलं की वर्ग थोडा शांत होतो, कारण २२ किलोमीटर तर सायकलवरून दोन तासांत होतात, यांना पहाटेपासून अंधार पडेपर्यंत वेळ लागत होता.

या चार दिवसांत दोनदा त्यांची गाडी सुरुंगावर जाऊन उडाली. दोन्ही वेळा सोबतचे जवान स्फोटात सापडले. तिसऱ्यांदा दबा धरून बसलेल्या शत्रूने जवळून गोळीबार केला. एका स्फोटात भगत यांच्या कानाचा पडदा फाटला. ते पुरते दमले होते. दुसरा अधिकारी पाठवतो, तुम्ही मागे या, असे त्यांना सांगण्यात आले. त्यांनी नकार दिला. त्यामागचा विचार मला फार महत्त्वाचा वाटतो. शत्रू सुरुंग कुठे आणि कसे पेरतो याची पद्धत इतक्या पट्ट्यांनंतर त्यांच्या अंगवळणी पडली होती. नव्या माणसाला ते पहिल्यापासून शिकावे लागले असते, आणि त्या शिकण्याची किंमत जीव होती. म्हणून ते थांबले. याला आपण सरळ शौर्य म्हणून मोकळे होतो. पण त्या नकारात कारागिराचा हिशोबही होता. एकूण ९६ तास हे काम चालले.

१९४१ च्या जूनमध्ये त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस जाहीर झाला. ब्रिटिश साम्राज्यातले हे शौर्याचे सर्वोच्च पदक. दुसऱ्या महायुद्धात ते मिळवणारे भगत हे पहिले भारतीय. आणि हे पदक त्यांना शत्रू मारण्यासाठी नाही, तर रस्ता साफ करण्यासाठी मिळाले, हे मुलांना जरूर सांगावे.

पुढच्याच वर्षी, १९४२ मध्ये, पुण्यात त्यांचे मोहिनी भंडारी यांच्याशी लग्न झाले. पूर्वी मुलीच्या वडिलांनी या स्थळाला नकार दिला होता. व्हिक्टोरिया क्रॉस मिळालेल्या जावयाला नाही म्हणणे मात्र कठीण गेले असावे!

इथे जरा आजच्या काळात येऊ, कारण पालकांचा खरा प्रश्न इथेच असतो. इंजिनिअर होऊन लष्करात अधिकारी कसे होतात? बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित घेतलेल्या मुलांसाठी टेन्थ प्लस टू टेक्निकल एंट्री ही योजना आहे. जेईई मेन्स दिलेली लागते, मग निवड मंडळाची पाच दिवसांची मुलाखत, वैद्यकीय तपासणी, आणि त्यानंतर लष्कराच्या खर्चाने प्रशिक्षण आणि इंजिनिअरिंगची पदवी दोन्ही. म्हणजे लाखोंची फी भरायची नाही. ज्यांची पदवी झाली आहे किंवा शेवटचे वर्ष चालू आहे, त्यांच्यासाठी देहरादूनचा टेक्निकल ग्रॅज्युएट कोर्स आहे. काही वर्षांपुरती सेवा करायची असेल तर शॉर्ट सर्व्हिस कमिशनची टेक्निकल शाखा आहे, ती मुलींसाठीही खुली आहे. एनडीएचा रस्ता तर आहेच, आणि २०२२ पासून खडकवासल्याच्या प्रबोधिनीत मुलीही शिकत आहेत. अटी आणि वयोमर्यादा दर वेळी जाहिरातीत नीट बघाव्यात, कोणाच्या सांगण्यावर विसंबू नये. आठवी-नववीच्या पालकांनी छत्रपती संभाजीनगरच्या राज्य सरकारी सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्थेची चौकशी जरूर करावी. दहावीनंतर तिथे प्रवेश परीक्षेने मुलं घेतात आणि एनडीएची तयारी करून घेतात.

निवड झाल्यावर सगळेच सॅपर होतात असं नाही. संदेशवहनाची सिग्नल्स शाखा आहे, तोफा-रणगाडे-वाहनं दुरुस्त करणारी ईएमई आहे. कोअर ऑफ इंजिनिअर्समध्ये गेलं तर दापोडीच्या कॉलेज ऑफ मिलिटरी इंजिनिअरिंगमध्ये प्रशिक्षण होतं. पुणे-मुंबई जुन्या रस्त्याने जाताना त्याची भिंत आपण शंभरदा पाहिलेली असते. हिमालयातले रस्ते काढणाऱ्या बॉर्डर रोड्स संघटनेतही हे अधिकारी काम करतात. आणि सगळे रस्ते पदवीतूनच जातात असंही नाही. कारवारजवळच्या चेंडिया गावचे रामा राघोबा राणे हे याच बॉम्बे सॅपर्समध्ये १९४० साली साधे जवान म्हणून भरती झाले, १९४७ च्या डिसेंबरमध्ये अधिकारी झाले आणि चारच महिन्यांनी, एप्रिल १९४८ मध्ये, नौशेरा ते राजौरी रस्त्यावरचे सुरुंग आणि अडथळे काढून रणगाड्यांना वाट करून दिली. जिवंतपणी परमवीरचक्र मिळालेले ते पहिले. म्हणजे बघा, खडकीच्या एकाच घराण्यातले दोन अधिकारी, दोघांचंही काम रस्त्यातले सुरुंग काढणं.

तर पुन्हा भगत यांच्याकडे. स्वातंत्र्यानंतर ते भारतीय सेनेत वर चढत गेले. खडकीच्या बॉम्बे इंजिनिअर ग्रुपचे ते काही काळ कमांडंट होते. १९५७ च्या सुमारास त्यांच्याकडे पायदळाची ब्रिगेड आली. ही गोष्ट पालकांनी लक्षात घ्यावी, इंजिनिअर अधिकारी आयुष्यभर पूल-रस्तेच करतो असं नाही, तो पुढे सैन्याची कुठलीही तुकडी सांभाळू शकतो. १९५९ पासून ते लष्करी गुप्तवार्ता विभागाचे संचालक होते.

१९६२ मध्ये चीनकडून झालेला पराभव देशाच्या जिव्हारी लागला. काय चुकले हे शोधण्यासाठी लष्कराने दोन अधिकाऱ्यांची चौकशी समिती नेमली. एक लेफ्टनंट जनरल हेंडरसन ब्रूक्स आणि दुसरे तेव्हा ब्रिगेडियर असलेले भगत. आपल्याच वरिष्ठांच्या, आपल्याच सहकाऱ्यांच्या चुका कागदावर मांडण्याचे हे काम. कोणालाच नको असलेले. १९६३ मध्ये अहवाल पूर्ण झाला. संरक्षणमंत्री तेव्हा आपले यशवंतराव चव्हाण होते. त्याच वर्षीच्या सप्टेंबरमध्ये त्यांनी त्या अहवालाच्या आधारे लोकसभेत निवेदन केले, पण संपूर्ण अहवाल सरकारने आजवर अधिकृतपणे खुला केलेला नाही. माझं मत विचाराल तर एवढ्या वर्षांनी तो खुला व्हायला हवा. ज्यांनी तो लिहिला त्यांच्या मेहनतीचाही तो मान ठरेल.

पुढे ते लेफ्टनंट जनरल झाले. १९७० मध्ये लखनौच्या मध्य कमांडचे प्रमुख, आणि १९७२ मध्ये उधमपूरला नवी उत्तर कमांड स्थापन झाली तेव्हा तिचे पहिले प्रमुख. १९७१ चे युद्ध नुकतेच संपले होते आणि सिमला करार झाला होता. करारात ठरले की युद्ध थांबले त्या वेळची ताब्याची रेषा दोन्ही बाजूंनी मानायची. पण रेषा कागदावरच्या वाक्यात नसते, ती डोंगरावर, ओढ्यावर, गावाच्या वेशीवर असते. कुठली टेकडी कोणाकडे, हे एकेक करून ठरवायला दोन अधिकारी समोरासमोर बसले. भारताकडून भगत आणि पाकिस्तानकडून लेफ्टनंट जनरल अब्दुल हमीद खान. जम्मूजवळच्या सुचेतगढला बैठका झाल्या. कित्येक नकाशांवर रेघ ओढली गेली आणि १९७२ च्या डिसेंबरमध्ये दोघांच्या सह्या झाल्या. आज आपण जिला नियंत्रण रेषा म्हणतो ती हीच. पाचवी ते आठवीला भूगोल शिकवणाऱ्यांनी नकाशाचा धडा घेताना हे उदाहरण घ्यावं. समोच्च रेषा, नदीचा प्रवाह, प्रमाण हे सगळं मुलांना कंटाळवाणं वाटतं, कारण त्याचं पुढे काय होतं हे त्यांना कोणी सांगत नाही.

भगत पुढचे सेनाप्रमुख होतील असे अनेकांना वाटत होते. १९७३ पासून सेनाप्रमुख होते जनरल गोपाळ गुरुनाथ बेवूर. त्यांना मुदतवाढ मिळाली आणि त्या वाढीव काळात भगत यांची निवृत्तीची तारीख येऊन गेली. सर्वोच्च पद हुकले. यामागे काय होते यावर पुष्कळ बोलले गेले आहे, त्यात मी शिरत नाही. पण ३५ वर्षे सेवा केलेल्या माणसाला ते लागले नसेल असे कसे म्हणावे.

घरी बसून राहण्याऐवजी १९७४ च्या जुलैमध्ये त्यांनी दामोदर व्हॅली कॉर्पोरेशनचे अध्यक्षपद घेतले. आजच्या झारखंड आणि पश्चिम बंगालमधून वाहणारी दामोदर ही एकेकाळी पुरांसाठी बदनाम नदी. १९४८ मध्ये स्थापन झालेल्या या महामंडळाने तिच्या खोऱ्यात तिलैया, कोनार, मैथन, पंचेत ही धरणे बांधली आणि बोकारो, दुर्गापूर, चंद्रपुरा येथे कोळशावरची वीजकेंद्रे उभारली. कोळसा खाणी आणि पोलाद कारखाने याच विजेवर चालायचे. पण भगत आले तेव्हा कारभार ढेपाळला होता, संच बंद पडत होते, वीज पुरत नव्हती. हा अध्यक्ष ऑफिसात बसून राहणारा नव्हता. ते वीजकेंद्रांमध्ये जात, कामगारांना भेटत, कुठला संच का बंद आहे ते जागेवर बघत. बाहेरून पाहिलं तर निवृत्त जनरलला दिलेली ही एक खुर्ची. पण नीट बघितलं तर हे त्यांचं जुनंच काम होतं : अडलेलं काय आहे ते स्वतः जाऊन शोधायचं आणि काढायचं. काही महिन्यांतच वीजनिर्मिती कितीतरी पटीने वाढली.

जेमतेम १० महिने त्यांना मिळाले. साध्या आजारपणात दिलेल्या प्रतिजैविकाच्या इंजेक्शनची तीव्र ॲलर्जी येऊन २३ मे १९७५ रोजी त्यांचे निधन झाले. वय होते ५६. चार दिवसांत १५ सुरुंगपट्टे ओलांडलेला माणूस एका इंजेक्शनने गेला. दामोदर खोऱ्यातली वीजकेंद्रे त्या दिवशीही चालू होती.